खुलताबादच्या डोंगरात ग्रॅव्हल बाईकसाठी कच्चे रस्ते कसे शोधायचे

तुमचा प्रश्न मला समजला तो असा, की बदलीमुळं खुलताबादला राहायला आलात, पुण्यात घेतलेली ग्रॅव्हल बाईक (कच्च्या रस्त्यांवर पण चालणारी, जाड टायरची सायकल) सोबत आणलीये, टायर 40 एमएमचे, पण ॲप उघडलं की दौलताबाद-खुलताबाद-वेरूळ हा डांबरी रस्ता आणि म्हैसमाळचा चढ एवढंच दिसतं, मग कच्चे रस्ते आहेत कुठं आणि कुणाकडं जीपीएक्स फाइल, म्हणजे ॲपमध्ये टाकता येणारा तयार मार्ग, असेल तर द्या.

फाइली माझ्याकडं आहेत, पंधरा-वीस तरी असतील. पण देत नाहीये, आणि त्यात चिंगूसपणा नाही. मी संभाजीनगरहून तुमच्या बाजूला बारा-तेरा वर्षं सायकल घेऊन येतोय, आधी साधी एमटीबी (डोंगरी सायकल) होती, आता ग्रॅव्हल, आणि दोन वर्षांपूर्वीच्या माझ्या स्वतःच्या फाइलीवर मी स्वतः गेलो तर तीनपैकी एक ठिकाणी तरी अडकतो. कुठं कुपाटी (काट्यांचं कुंपण) लावलेली असते, कुठं पाणंद (शेतांमधला जुना गाडीरस्ता) नांगरून टाकलेली, कुठं मस्त मुरमाचा रस्ता होता त्याचा सिमेंट रोड झालाय, कुठं ओढ्यावरचा नळीचा पूल पावसात वाहून गेलाय. इथली फाइल म्हणजे भाजीपाला आहे हो, ताजी असेल तर कामाची.

रस्ते नाहीत ही तुमची अडचणच नाहीये. उलट एवढे आहेत की मला अजून सगळे पाहता आले नाहीत. अडचण ही आहे की त्यातला एकही सायकलवाल्यासाठी केलेला नाही. बैलगाडी, ट्रॅक्टर, दूधवाला, मेंढरं, देवाला चालत जाणारी माणसं, यांच्यासाठी ते आहेत, आणि यातलं कुणी ॲपवर राइड टाकत नाही. म्हणून स्ट्राव्हा ॲपच्या हीटमॅपवर (सायकलवाले कुठं जास्त जातात ते दाखवणारा नकाशा) घाटाचा रस्ता लालभडक दिसतो आणि बाकी सगळा अंधार. त्या अंधारातच रस्ते आहेत, फक्त ते कोण वापरतं आणि कोणत्या महिन्यात वापरतं हे ओळखता आलं पाहिजे. मी काय बघतो ते सांगतो, पण तुम्हाला ते जसंच्या तसं लागू पडेल असं नाही, कारण महिना कोणता, तुम्ही एकटे जाता का जोडीनं, उतारावर हात किती बसलाय, यावर बरंच ठरतं.

सुरुवात मातीपासून करा, नकाशा नंतर. आपला हा सगळा डोंगर म्हणजे लाव्ह्याचे थर एकावर एक बसलेले. त्यामुळं इथं हिमालयासारखा सलग उतार नसतो, सपाटी, मग एकदम कडा, मग पुन्हा सपाटी, मग पुन्हा कडा, अशा पायऱ्या. संभाजीनगर साधारण पावणेसहाशे मीटरवर, खुलताबाद साडेआठशेच्या आसपास, म्हैसमाळ हजाराच्या वर, आणि मधला सगळा चढ या पायऱ्यांच्या तोंडावर एकवटलेला. दौलताबादच्या घाटात अंगातलं पाणी निघतं आणि कागजीपुऱ्याच्या पुढं आलं की पाय आपोआप फिरायला लागतात, ते यामुळंच. सपाटीवर आणि उतारांवर दगड झिजून मुरूम झालाय, आणि त्यातला बारीक गाळ हजारो वर्षं वाहत खाली जाऊन काळी माती झालीये. मुरूम पाणी जिरवतो, पाऊस थांबल्यावर दोन-तीन तासांत चालवण्यासारखा होतो. काळी माती पाणी पिऊन फुगते आणि चार-पाच दिवस तशीच राहते. त्यामुळं पावसाळ्यात वर राहायचं, म्हणजे खुलताबाद-सुलीभंजन-म्हैसमाळ या पठारावर, आणि खालची काळी रानं दिवाळीनंतर होळीपर्यंत. एवढं पाळलं तरी अर्धा त्रास वाचतो.

मी ते पाळलं नव्हतं तेव्हाची गोष्ट सांगतो. जुलै महिना, आठवडाभर पाऊस नव्हता म्हणून पठारावरून खाली गल्ले बोरगावच्या बाजूला उतरलो, रस्ता वरून सुकलेला, पापडी धरलेली. दोनशे मीटर गेलो असेल, ती पापडी फुटली आणि चाक आणि फोर्क यांच्यात अशी माती भरली की सायकल ढकलता पण येईना. मी शहाणपणा करून जोर लावून पेडल मारलं, मागचा डिरेलर (गिअर बदलणारा भाग) मातीसकट वर ओढला गेला आणि तो फ्रेमला जोडणारा हँगर मोडला. मग सायकल खांद्यावर, प्रत्येक बुटाला दोन-दोन किलो माती, असं मैलभर. शेवटी एका काकांनी ट्रॅक्टरवर घेतलं आणि वर विचारलं, पावसाळ्यात आमचे बैल या रस्त्यानं जात नाहीत, तुम्ही कसे आलात? तेव्हापासून एक स्पेअर हँगर कायम पिशवीत असतो, सत्तर-ऐंशी ग्रॅमचं सुद्धा वजन नाही, आणि तो ज्याच्या त्याच्या फ्रेमचा वेगळा असतो त्यामुळं इथल्या दुकानात मिळेल अशी आशा धरू नका, आजच मागवून ठेवा.

आता नकाशा. मी आधी सॅटेलाइट व्ह्यू बघतो, आणि तो पण मार्च-एप्रिलमध्ये घेतलेला फोटो असेल तर उत्तम, कारण तेव्हा रानं मोकळी असतात. गूगल अर्थ कॉम्प्युटरवर उघडलं तर जुने फोटो तारखेनुसार बघता येतात. मुरमाचा रस्ता फिकट, पिवळसर-पांढरा दिसतो, डांबर करडं, काळ्या मातीतली गाडीवाट आजूबाजूच्या रानासारखीच काळपट. दोन्ही बाजूला लिंबाबाभळीची ओळ असेल आणि मधे वळणं घेत रेघ जात असेल तर ती जुनी पाणंद, ती बहुतेक करून एका गावातून दुसऱ्या गावात निघतेच. एकदम सरळ, नवी, बाजूला झाड नाही अशी रेघ दिसली तर ती कुठं संपते ते आधी बघा. निळा चौकोन दिसला म्हणजे शेततळं, तिथं रस्ता संपला. विहीर, पत्र्याचं शेड, पोल्ट्री, खडी क्रशर, इथं पण तेच. मी सुरुवातीला अशा शेततळ्यांवर इतक्या वेळा जाऊन पोचलोय की तालुक्यातल्या निम्म्या शेततळ्यांचे मालक मला ओळखत असतील.

दुसरी गोष्ट, चढाचा ग्राफ. ॲप जो चढ-उतार दाखवतं तो बहुतेक वेळा तीस-तीस मीटरच्या चौकटींच्या उंचीवरून काढलेला असतो. आपल्याकडं कडा असतो वीस मीटरचा आणि सरळ उभा. तो त्या ग्राफमध्ये नुसता उतार म्हणून दिसतो. म्हैसमाळ आणि वेरूळ नकाशावर बघा, सरळ रेषेत जेमतेम सहा-सात किलोमीटर, आणि खाली उतरणाऱ्या पायवाटा आहेत सुद्धा, लोक ट्रेक करतात. पण त्या पायवाटा आहेत, मधे कड्याची पायरी येते आणि सायकल डोक्यावर घेऊन उतरावं लागतं. ज्या वाटेनं बैलगाडी गेली नसेल ती वाट ग्रॅव्हल बाईकची नाही, निदान माझी तरी नाही. सर्वे ऑफ इंडियाच्या 1:50,000 च्या शीटवर दोन कंटूरमध्ये (समान उंचीच्या रेघांमध्ये) उंचीचं वीस मीटरचं अंतर असतं, तिथं चार-पाच रेघा एकमेकीला चिकटलेल्या दिसल्या की समजून जायचं.

ओपनस्ट्रीटमॅप या लोकांनीच मिळून केलेल्या नकाशावर आपल्या भागात काम कमी झालंय पण वाढतंय. त्यात कच्च्या रस्त्याला ग्रेड 1 ते 5 असा दर्जा देता येतो, 1 म्हणजे एकदम टणक, 5 म्हणजे नुसती माती-गवत. मी स्वतः फिरलेले रस्ते तिथं टाकतो, तुम्ही पण टाका, कारण बरीच राइडिंगची ॲप शेवटी तोच नकाशा वापरतात.

पाणंद खरंच सरकारी आहे का कुणाच्या रानातली वाट आहे, हा आपल्याकडचा फार नाजूक मामला. भूमी अभिलेखच्या गावनकाशात दोन तुटक रेघा म्हणजे गाडीमार्ग, रुंदी साडेसोळा ते एकवीस फूट, आणि एक तुटक रेघ म्हणजे पायमार्ग, सव्वाआठ फूट. नक्कल तालुक्याच्या ऑफिसात अर्ज करून मिळते. ऑनलाइन महाभूनकाशावर गटांच्या हद्दी दिसतात, दोन गटांच्या मधे सलग रिकामी पट्टी असेल तर अंदाज येतो. पण बांधावरून जी शेताकडं जायची वाट असते, जमीन महसूल कायद्याच्या कलम 143 खाली तहसीलदार जी देतात, ती शेजारच्या शेतकऱ्याच्या सोयीसाठी आहे, आपल्या रविवारच्या हौसेसाठी नाही. तिथं कुणी अडवलं तर वाद घालायचा नाही, राम राम करून मागं फिरायचं. आणि कागदावर एकवीस फूट असलेली पाणंद जागेवर सहा फूट उरलेली असते हे तुम्हाला दिसेलच. अलीकडं मातोश्री पाणंद रस्ते योजनेतून काही मोकळ्या होऊन त्यावर मुरूम-खडी पडलीये, त्या आपल्यासाठी सोन्यासारख्या, पण पहिल्या वर्षी खडी सुटी असते, वळणावर जपून.

एवढं सगळं घरी बसून करा, पण खरं काम विचारण्यात आहे. आणि विचारायची पण पद्धत आहे. "हा रस्ता पुढं जातो का?" असं विचारलं की उत्तर येतं "जातो की!" कारण त्यांच्या दृष्टीनं माणूस चालत जातो, म्हणजे रस्ता जातो. मी विचारतो, "मामा, पलीकडच्या गावाला मोटरसायकल निघते का या वाटेनं?" आणि त्याहून चांगला प्रश्न, "दूधवाला कुठून येतो?" दोन कॅन लटकवून पहाटे बारा महिने गाडी घालणारा माणूस ज्या वाटेनं जातो ती वाट तुमच्या 40 एमएमच्या टायरला शंभर टक्के चालते. सकाळी साडेसहा-सातला गावाच्या डेअरीपाशी चहा प्यायला थांबा, चार दूधवाले चार दिशांनी येतात, झाला तुमचा नकाशा. शाळेच्या वेळेला मानव विकास योजनेतून मिळालेल्या सायकलींवरून वाडी-वस्तीवरच्या पोरी कुठून येतात ते पण बघा, त्यांचा शॉर्टकट कुठल्याच नकाशात नसतो. अंतर मात्र कुणालाच विचारू नका. "हे काय, जवळच हाय" म्हणजे दोन किलोमीटर पण असतं आणि नऊ पण.

एक सांगून ठेवतो, पाणंदीवर थांबून मोबाइल वर धरून सारखे फोटो काढायला लागलात की लोक जमतील आणि विचारतील, "मोजणीवाले का?" समृद्धी महामार्गाला जमीन गेल्यापासून अनोळखी माणूस मोबाइल घेऊन बांधावर दिसला की एक तर तो मोजणीचा नाहीतर प्लॉटिंगचा एजंट, तिसरा प्रकारच नाही. सायकल दाखवायची, हेल्मेट काढायचं, खुलताबादला कुठं राहतो ते सांगायचं. केवढ्याला घेतली हे विचारतीलच. मी खरी किंमत सांगत नाही, तेवढ्या पैशात एक चांगली म्हैस येते आणि मग पुढची पंधरा मिनिटं त्यावर जातात.

समृद्धीवरून आठवलं. शहराकडून येताना माळीवाडा, शरणापूर, भांगसीमाता गडाचा जो पट्टा आहे तिथले जुने गाडीरस्ते महामार्गानं कापलेत. वर सायकल चालत नाही, परवानगीच नाही, त्यामुळं अंडरपास शोधावा लागतो. जुन्या टोपोशीटवर (सर्वे ऑफ इंडियाच्या नकाशावर) सलग दिसणारी वाट प्रत्यक्षात भिंतीला जाऊन धडकते आणि अंडरपास कधी कधी दोन किलोमीटर बाजूला निघतो. सॅटेलाइटवर तो सावलीच्या काळ्या पट्टीसारखा दिसतो. पावसाळ्यात काहींमध्ये पाणी तुंबतं, तळ दिसत नसेल तर सायकल घालू नका, आत दगड का सळई काही सांगता येत नाही.

जंगलाचं वेगळं. कन्नडकडं गेलात तर गौताळा औट्रमघाट अभयारण्य लागतं, 1986 पासून अभयारण्य आहे, 260 चौरस किलोमीटरच्या आसपास. आतले कच्चे रस्ते बघून तोंडाला पाणी सुटेल. पण तिथं वन विभागाच्या परवानगीशिवाय जायचं नाही, गेटवर विचारायचं, सायकलला नाही म्हणाले तर नाही. बिबटे आहेत, 2021 मध्ये तर यवतमाळकडच्या टिपेश्वरहून शेकडो किलोमीटर चालत एक वाघ तिथं येऊन राहिला. तुमच्या जवळच्या टेकड्यांवर पण वन विभागाची राखीव जागा बरीच आहे, चर खोदलेले आणि रोपं लावलेली दिसली की बाहेरून जा. वेरूळच्या लेण्यांवरच्या पठारावरून, येळगंगेच्या खोऱ्याकडं, सायकल घालायचा मोह होतो, मला पण झाला होता, पण तो पुरातत्त्वचा भाग आहे, लेण्यांच्या डोक्यावर टायर फिरवू नका, ते बरं नाही.

मग सुरुवात कुठून? मी तुमच्या जागी असतो तर पहिले तीन-चार रविवार खुलताबादच्या कोटाबाहेर पडून सुलीभंजनच्या बाजूलाच घातले असते. दत्तमंदिराचा रस्ता धरायचा, एकनाथ महाराजांनी तप केलं ती जागा, सूर्यकुंड बघायचं, आणि तिथून आजूबाजूला ज्या मुरमाच्या वाटा फुटतात त्यातली एकेक घेऊन अर्धा तास जायचं आणि परत यायचं. लूप करायचा हट्ट पहिल्या दिवशी नको. उन्हाळ्यात पठार उजाड वाटतं पण सप्टेंबरमध्ये त्याच जागेवर हिरवळ आणि ढग, घाटमाथ्यावर असल्यासारखं. त्यानंतर म्हैसमाळ. खुलताबादहून डांबरी रस्ता बारा-एक किलोमीटर, तो चढून जा, गिरिजादेवीच्या देवळापाशी दम घ्या, आणि वरच्या पठारावर टीव्ही टॉवरच्या आजूबाजूला आतल्या वाड्यांचे रस्ते धरा. वारा पावसाळ्यात पश्चिमेचा असतो आणि वर अडवायला काही नाही, त्यामुळं जाताना वारा तोंडावर आणि येताना पाठीवर असं ठेवा, उलटं केलं की शेवटचे दहा किलोमीटर शिव्या देत याल. तिसरा टप्पा पूर्वेकडं, येसगावच्या गिरिजा धरणाच्या बाजूला, पण तिकडं काळी माती सुरू होते म्हणून हिवाळ्यात. डिसेंबरात आल्याची, मक्याची रानं, शाळू उभा, सकाळी धुकं, त्या पट्ट्यात मी एकेका रस्त्याला तीन-तीन वेळा गेलोय.

वार पण बघून निघा. शनिवारी भद्रा मारुतीला गर्दी, श्रावणातल्या शनिवारी तर शहरापासून रात्रभर लोक चालत येतात, त्या दिवशी घाटात सायकल घालण्यात अर्थ नाही. सोमवारी घृष्णेश्वर. मंगळवारी वेरूळची लेणी बंद असतात त्यामुळं पर्यटकांच्या गाड्या कमी, तुम्हाला सकाळी ऑफिसच्या आधी तासभर मिळत असेल तर खुलताबाद-वेरूळ उतार मंगळवारी करून बघा. उरुसाच्या दिवसांत गावातून बाहेर पडायलाच वेळ लागतो.

सामानाचं जास्त सांगत नाही, त्यावर सगळीकडं भरपूर लिहिलेलं आहे. फक्त काटे. बाभळीचा काटा टायर आरपार जातो आणि सराटे तर एका वेळी दहा-बारा चिकटतात. ट्यूब असेल तर इथं रोज पंक्चर काढायची तयारी ठेवा, नाहीतर ट्यूबलेस करा, आणि एप्रिल-मेमध्ये सीलंट (टायरमधलं भोक बुजवणारं द्रव) लवकर वाळतं तेव्हा महिन्या-दीड महिन्याला बघा. मोठा काटा घुसला तर लगेच उपटू नका, तसाच घरी आणा. हवा मी माझ्या पंचाहत्तर किलोला पुढं 32 आणि मागं 35 पीएसआय ठेवतो, सुट्या खडीवर अजून दोन कमी. तुमचं वजन वेगळं असेल, तुम्ही कमी-जास्त करून बघा. पाणी दोन बाटल्या, मार्चनंतर तीन. हापसे नकाशावर दिसतात पण निम्मे कोरडे असतात, वस्तीवर मागितलं तर पाणी कुणी नाही म्हणत नाही, आणि बहुतेक वेळा चहा पण होतो.

कुत्र्यांचं राहिलं. वस्तीवरची कुत्री पळवतात तेव्हा पळायचं नाही, सायकलवरून उतरायचं, सायकल मधे धरून चालत पुढं जायचं, आपण चालायला लागलो की त्यांना आपण माणूस वाटतो. धनगरांचा कळप रस्त्यात असेल तर लांबूनच थांबा आणि हाक मारा, मेंढरं बिथरली तर त्यांचा अर्धा दिवस जातो.

तर यंदाच्या हंगामापुरतं तुमच्यासाठी इतकं धरा, की आत्ता ऑगस्ट चाललाय म्हणून फक्त पठार, सॅटेलाइटवर फिकट रेघा शोधून ठेवा, रविवारी सकाळी सातला डेअरीपाशी थांबा आणि पहिली राइड जाऊन-येऊन वीस किलोमीटरच्या वर नको. सुलीभंजनच्या पुढं एक वाट उजवीकडं लिंबाच्या झाडापासून फुटते, ती मागच्या वर्षी ओढ्यापाशी तुटलेली होती, तुम्ही गेलात तर तिथं नळ्या टाकल्यात का ते मला कळवा, दिवाळीनंतर मला तिकडूनच खाली उतरायचंय.